वीज प्रकल्पात खासगी पैसा आणि जोखीम : दाभोळच्या कराराचा धडा, आणि सोलरला जमीन देताना काय बघावं

वीज प्रकल्पाचा धंदा इतर धंद्यांपेक्षा वेगळा असतो. शेकडो, हजारो कोटी रुपये सुरुवातीलाच घालावे लागतात आणि ते पुढची वीस-पंचवीस वर्षे युनिटमागे थोडे थोडे परत येतात. मधल्या काळात सरकारं बदलतात, इंधनाचे भाव बदलतात, रुपया घसरतो, कायदे बदलतात. प्रकल्पाची मशिनरी मात्र उचलून दुसरीकडे नेता येत नाही. म्हणूनच या धंद्यात आधी एकच प्रश्न विचारला जातो : काही बिघडलं तर भरायचं कुणी?

हा प्रश्न आता गावापर्यंत आला आहे. राज्यातल्या अनेक तालुक्यांत सोलर प्रकल्पांसाठी शेतकऱ्यांच्या जमिनी दीर्घ मुदतीच्या भाड्याने घेतल्या जात आहेत. करारनाम्यावर सही करणारा शेतकरी त्या प्रकल्पातली काही जोखीम स्वतःच्या अंगावर घेत असतो, बऱ्याचदा माहिती नसताना. त्यामुळे ही जोखीम म्हणजे काय, ती कशी वाटली जाते आणि चुकीची वाटली तर काय होतं, हे आपल्याच राज्यात घडलेल्या उदाहरणावरून समजून घेऊ.

थोडक्यात

- जोखीम करारामुळे नाहीशी होत नाही. करार फक्त ती कुणाच्या डोक्यावर आहे ते ठरवतो.
- ज्याला जी जोखीम आवरता येते त्याच्याकडे ती द्यावी, हा या धंद्यातला पहिला नियम.
- दाभोळ प्रकल्पात जवळजवळ सगळी जोखीम वीज मंडळावर टाकली गेली. मंडळाला ती झेपली नाही आणि शेवटी गुंतवणूकदार, बँका, सरकार सगळेच अडकले.
- सोलरच्या भाडेपट्ट्यात महागाई, कंपनी बंद पडणे आणि पॅनेल काढून नेणे या तीन जोखमी शेतकऱ्याकडे येऊ शकतात. त्या करारातच मिटवून घ्याव्यात.

जोखीम किती प्रकारची?

भारतासारख्या विकसनशील देशात खासगी कंपनी वीज प्रकल्पात पैसा घालते तेव्हा साधारण सात प्रकारची जोखीम असते.

१. बांधकामाची : काम वेळेत झालं नाही, खर्च वाढला.
२. इंधनाची : कोळसा, गॅस महागला किंवा मिळालाच नाही.
३. मागणीची : वीज तयार आहे, पण घ्यायला कुणी नाही.
४. वसुलीची : वीज घेतली, पण बिल थकलं.
५. चलनाची : कर्ज डॉलरमध्ये आणि कमाई रुपयात.
६. सरकार आणि कायद्याची : नवं सरकार आलं आणि करार मोडला, कर वाढले, नियम बदलले.
७. जमीन आणि लोकांची : भूसंपादनाचा वाद, विरोध, आंदोलन.

यातली बांधकामाची जोखीम कंपनीला आवरता येते, कारण ठेकेदार तीच नेमते. कायदा बदलण्याची जोखीम कंपनीच्या हातात नसते, ती सरकारच्या हातात असते. चलनाची जोखीम तर कुणाच्याच हातात नसते. तिचा फक्त खर्च वाटून घेता येतो. एवढं लक्षात ठेवलं की पुढचा भाग सोपा जातो.

दाभोळ : नाव एका गावाचं, प्रकल्प दुसऱ्या तालुक्यात

दाभोळ बंदर दापोली तालुक्यात, वाशिष्ठी खाडीच्या उत्तर काठावर. प्रकल्प मात्र खाडीच्या दक्षिणेला, गुहागर तालुक्यात अंजनवेल, वेलदूर, रानवी परिसरात उभा राहिला.

१९९१ मध्ये केंद्राने वीजनिर्मिती खासगी आणि परदेशी कंपन्यांना खुली केली. तिजोरी रिकामी होती, विजेचा तुटवडा होता. गुंतवणूकदार यावेत म्हणून भांडवलावर १६ टक्के परताव्याची हमी देणारं धोरण आखलं गेलं. जून १९९२ मध्ये अमेरिकेतील एन्रॉन आणि जनरल इलेक्ट्रिक यांचा महाराष्ट्र राज्य वीज मंडळाशी सामंजस्य करार झाला. निविदा काढल्या नाहीत, थेट वाटाघाटी झाल्या. पुढे बेक्टेल ही कंपनी भागीदार झाली. प्रकल्पासाठी दाभोळ पॉवर कंपनी स्थापन झाली. तिच्यात सुरुवातीला एन्रॉनचा वाटा ८० टक्के, बाकी दोघांचा प्रत्येकी १० टक्के होता.

१९९३ मध्येच जागतिक बँकेने या प्रकल्पाला पैसे द्यायला नकार दिला. राज्याच्या गरजेच्या मानाने प्रकल्प फार मोठा आहे आणि आयात गॅसवरची वीज महाग पडेल, असं बँकेचं म्हणणं होतं. तरीही ८ डिसेंबर १९९३ रोजी वीज मंडळाने २० वर्षांचा वीजखरेदी करार केला. १९९४ मध्ये राज्य सरकारने हमी दिली आणि त्यावर केंद्र सरकारने प्रतिहमी दिली. कराराचा मजकूर बराच काळ लोकांसमोर आला नव्हता. पुण्याच्या प्रयास संस्थेसह काही अभ्यासकांनी दराचं गणित मांडून इशारे दिले होते.

कराराने जोखीम कुणाला दिली?

या करारातल्या तीन अटी महत्त्वाच्या आहेत.

पहिली अट, वीज घ्या अथवा न घ्या, पैसे द्या. प्रकल्प वीज द्यायला तयार असला की मंडळाने ठरलेला स्थिर आकार भरायचाच. म्हणजे मागणीची जोखीम मंडळाकडे.

दुसरी अट, इंधनाचा खर्च जसा येईल तसा मंडळाच्या बिलात. म्हणजे इंधनाची जोखीमही मंडळाकडे.

तिसरी अट, दराचा मोठा भाग डॉलरशी जोडलेला. रुपया घसरला तर बिल वाढणार. म्हणजे चलनाची जोखीमही मंडळाकडे.

वसुलीची जोखीम राहिली होती, ती हमी आणि प्रतिहमीमुळे राज्य आणि केंद्र सरकारकडे गेली. कंपनीकडे प्रामुख्याने उरलं ते बांधकाम आणि प्रकल्प चालवणं.

पहिली अट नीट समजण्यासाठी ट्रॅक्टरचं उदाहरण घेऊ. समजा तुम्ही ट्रॅक्टर महिन्याला ३०,००० रुपये ठोक भाड्याने घेतला, डिझेल वेगळं. महिन्यात ३०० तास चालवला तर तासाला १०० रुपये भाडं पडलं. पाऊस लागला, काम नाही, १०० तासच चालला, तर तेच भाडं तासाला ३०० रुपये पडलं. मालकाने दर वाढवलेला नाही. तुमचं काम कमी झालं म्हणून दर वाढला. वीज मंडळाचं अगदी असंच झालं. त्यात डिझेल महागलं आणि भाडं डॉलरमध्ये ठरलेलं होतं, एवढं धरा म्हणजे पूर्ण चित्र येईल.

मग काय घडलं?

मार्च १९९५ मध्ये राज्यात शिवसेना-भाजप युतीचं सरकार आलं. मनोहर जोशी मुख्यमंत्री झाले. उपमुख्यमंत्री गोपीनाथ मुंडे यांच्या समितीने प्रकल्पाची चौकशी केली आणि ३ ऑगस्ट १९९५ रोजी सरकारने प्रकल्प रद्द केल्याचं जाहीर केलं. कंपनी लंडनमध्ये लवादाकडे गेली. काही महिन्यांत पुन्हा बोलणी सुरू झाली. १९९६ च्या सुरुवातीला नवा करार ठरला. पहिल्या टप्प्याची क्षमता ७४० मेगावॉट आणि दोन्ही टप्पे मिळून २,१८४ मेगावॉट. दर प्रतियुनिट २ रुपये ४० पैशांवरून १ रुपया ८६ पैसे झाल्याचं सांगण्यात आलं. पण जोखमीची मांडणी तीच राहिली. १ रुपया ८६ पैसे हा आकडा त्यावेळचा डॉलर, त्यावेळचं इंधन आणि पूर्ण वापर धरून काढलेला होता. मे १९९६ मध्ये केंद्रातल्या १३ दिवसांच्या सरकारने प्रतिहमीवर पुन्हा शिक्कामोर्तब केलं.

मे १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला. गॅस यायला वेळ होता, म्हणून सुरुवातीला नाफ्था जाळला जात होता. १९९९ च्या सुरुवातीला कच्चं तेल पिंपाला १०-१२ डॉलरच्या आसपास होतं, २००० मध्ये ते ३० डॉलरच्या वर गेलं. त्याबरोबर नाफ्था महागला. १९९३ मध्ये ३१-३२ रुपयांना असलेला डॉलर २००१ मध्ये ४७ च्या घरात गेला. वीज महाग पडते म्हणून मंडळ कमी वीज घेऊ लागलं आणि कमी घेतली म्हणून युनिट आणखी महाग पडू लागलं. काही महिन्यांत हा दर सात रुपयांच्या वर गेला. त्याच काळात इतर प्रकल्पांची वीज कितीतरी स्वस्त मिळत होती.

२००० च्या अखेरीस बिलं थकू लागली. कंपनीने राज्याची हमी आणि केंद्राची प्रतिहमी वठवायला सुरुवात केली. मंडळाने उलट आरोप केला की मागितली तेव्हा प्रकल्पाला ठरलेल्या वेळेत वीज देता आली नाही, आणि ४०१ कोटी रुपयांचा दंड लावला. माधव गोडबोले यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २००१ मध्ये अहवाल देऊन निर्णयप्रक्रियेवर कडक ताशेरे ओढले. मे २००१ मध्ये मंडळाने करार मोडल्याचं कळवलं. त्याच महिन्याच्या अखेरीस प्रकल्प बंद पडला. दुसऱ्या टप्प्याचं सुमारे ९० टक्के काम तेव्हा झालं होतं. डिसेंबर २००१ मध्ये अमेरिकेत एन्रॉननेच दिवाळखोरी जाहीर केली. तिची कारणं वेगळी होती, हिशेबातले घोटाळे. दाभोळमुळे ती बुडाली असं म्हणणं बरोबर नाही.

नुकसान कुणाचं झालं?

कागदावर बघितलं तर गुंतवणूकदार सर्वांत सुरक्षित होता. डॉलरमध्ये दर, राज्याची हमी, केंद्राची प्रतिहमी, अमेरिकन सरकारी संस्थेचा राजकीय जोखमीचा विमा. तरीही त्याचा पैसा वर्षानुवर्षे अडकला. बेक्टेल आणि जनरल इलेक्ट्रिकला विमा, लवाद, कोर्ट या सगळ्या फेऱ्यांतून जावं लागलं. शेवटी २००५ मध्ये तडजोड झाली. आयडीबीआय, स्टेट बँक, आयसीआयसीआय, आयएफसीआय या आपल्याकडच्या संस्थांचं कर्ज अडकलं. म्हणजे ठेवीदारांचा आणि सरकारचाच पैसा. राज्याला तुटवड्याच्या काळात २,००० मेगावॉटचा प्रकल्प बंद बघावा लागला.

२००५ मध्ये एनटीपीसी, गेल, कर्ज देणाऱ्या संस्था आणि राज्य यांनी मिळून रत्नागिरी गॅस अँड पॉवर कंपनी काढून प्रकल्प ताब्यात घेतला. प्रकल्प पुन्हा सुरू झाला, पण इंधनाचा प्रश्न सुटला नाही. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातला गॅस आटला आणि २०१३ च्या अखेरीस निर्मिती पुन्हा थांबली. २०१५ मध्ये रेल्वेला वीज देण्यासाठी प्रकल्पाचा काही भाग चालू झाला. मालक बदलला तरी आयात किंवा दूरच्या गॅसवर अवलंबून असण्याची जोखीम तिथेच होती.

सातव्या प्रकारच्या जोखमीचं काय झालं तेही बघा. जमीन, पाणी, मासेमारी यावरून गुहागर तालुक्यातल्या लोकांनी विरोध केला. शेकडो लोकांना अटक झाली. जून १९९७ मध्ये वेलदूरला पोलिसांनी पहाटे घरांत शिरून कोळी समाजाच्या महिलांना मारहाण करून नेल्याची नोंद अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनलच्या १९९७ च्या अहवालात आहे. ह्यूमन राइट्स वॉचने १९९९ मध्ये या प्रकरणावर स्वतंत्र अहवाल काढला. गावाचं म्हणणं ऐकणं हा खर्च वाटला, तो टाळला गेला आणि प्रकल्पाचं नाव जगभर त्याच कारणाने खराब झालं.

सगळी जोखीम कंपनीवर टाकली तर?

कुणी म्हणेल, मग उलट करा, सगळी जोखीम कंपनीवरच टाका. तेही करून झालं आहे. गुजरातमधील मुंद्रा येथील ४,००० मेगावॉटचा कोळशावरचा प्रकल्प टाटा पॉवरने २००६ मध्ये निविदेतून मिळवला. दर होता २ रुपये २६ पैसे. महाराष्ट्रासह पाच राज्यं वीज घेणार होती. इंधनखर्चाचा मोठा भाग निविदेतच बांधून दिला होता, म्हणजे इंधनाची जोखीम कंपनीकडे. पुढे इंडोनेशियाने निर्यातीच्या कोळशाला बाजारभावाशी जोडणारा नियम केला आणि स्वस्त कोळसा संपला. कंपनीने वाढीव दर मागितला. एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की परदेशात कोळसा महागला म्हणून करार बदलता येणार नाही. ग्राहकाच्या दृष्टीने निकाल चांगला वाटला. पण तोटा सहन करत कंपनी किती वीज बनवणार? प्रकल्प कमी चालला, काही काळ बंद राहिला आणि राज्यांना वीज दुसरीकडून घ्यावी लागली.

परदेशातही हेच दिसतं. इंडोनेशियात पैटन या ठिकाणच्या खासगी प्रकल्पाचा करार डॉलरमध्ये होता. १९९७-९८ च्या आर्थिक संकटात तिथलं चलन कोसळलं. एका डॉलरला २,४०० रुपिया होते ते काही महिन्यांत १०,००० च्या वर गेले. तिथल्या सरकारी वीज कंपनीची कमाई रुपियात होती, ती डॉलरमध्ये कुठून भरणार? वाद वाढला आणि शेवटी दर बराच खाली आणून करार नव्याने करावा लागला.

या तिन्ही ठिकाणी करार कायद्याने पक्का होता. ज्याच्या खिशात पैसे नाहीत त्याच्या नावावर देणं लिहून ठेवलं, एवढाच दोष होता. असं लिहिलेलं देणं अडचणीच्या दिवशी वसूल होत नाही.

दाभोळनंतर काय सुधारलं?

- नियामक आयोग : १९९९ मध्ये महाराष्ट्र वीज नियामक आयोग स्थापन झाला. वीजखरेदीला आता आयोगाची मंजुरी लागते आणि सुनावणीत सामान्य ग्राहकालाही म्हणणं मांडता येतं.
- निविदा : वीज कायदा २००३ मध्ये स्पर्धात्मक निविदेने दर ठरवण्याची तरतूद आली. बंद खोलीतला दर मागे पडला.
- रुपयात दर : सोलरचे वीजखरेदी करार रुपयात होतात. परदेशी कर्ज घ्यायचं तर चलनाची जोखीम कंपनीने सांभाळायची.
- कायदा बदलाची अट : करारानंतर सरकारने कर लावला तर भरपाई मिळते. जुलै २०१८ मध्ये आयात सोलर सेल आणि पॅनेलवर २५ टक्के संरक्षक शुल्क लागलं तेव्हा या अटीचा उपयोग झाला.
- थकबाकीवर लगाम : जून २०२२ मध्ये केंद्राने विलंब अधिभाराचे नवे नियम केले. तेव्हा देशातल्या वीज वितरण कंपन्यांची थकबाकी सुमारे १.४ लाख कोटी रुपये होती. ती हप्त्यांत फेडायची आणि नव्याने थकवलं तर बाजारातून वीज घेण्यावर बंधन, अशी ही व्यवस्था आहे.

तरी सहावी जोखीम, म्हणजे सरकार बदलण्याची, संपलेली नाही. २०१९ मध्ये आंध्र प्रदेशात नवं सरकार आलं आणि त्याने जुन्या पवन व सौर करारांचे दर कमी करायचं ठरवलं. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. मार्च २०२२ मध्ये न्यायालयाने करारातल्या दराने पैसे द्यायला सांगितलं. पण तोपर्यंत कंपन्यांना अंतरिम म्हणून कमी दराने पैसे मिळत होते. एवढा काळ ज्याला तग धरता येत नाही, त्याला कोर्टात जिंकूनही फारसा उपयोग होत नाही.

आता आपल्या बांधावर या

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये खासगी कंपन्या महावितरणच्या उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारतात, २५ वर्षे वीज विकतात आणि त्यातून कृषिपंपांना दिवसा वीज द्यायची आहे. एका मेगावॉटला साधारण ४ ते ५ एकर जमीन लागते. योजनेत खासगी जमिनीसाठी हेक्टरी वर्षाला १,२५,००० रुपये, किंवा जमिनीच्या नोंदणीकृत मूल्याच्या ६ टक्के, यातली जास्त असेल ती रक्कम, आणि दरवर्षी मूळ दरावर ३ टक्के सरळ वाढ असा हिशेब आहे. ज्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत प्रकल्प उभा राहतो तिला वर्षाला ५ लाख याप्रमाणे तीन वर्षांत १५ लाख रुपये देण्याची तरतूद आहे. योजनेबाहेरच्या खासगी सोलर पार्कचा दर आणि अटी मात्र दोघांत ठरतील तशा असतात.

कोरडवाहू, मुरमाड जमिनीला हे भाडं वाईट नाही. पाऊस पडो न पडो, ठरलेली रक्कम येते. शेतीतली हवामानाची आणि बाजारभावाची जोखीम जाते. पण तिच्या जागी दुसरी येते, ती म्हणजे महागाई. हिशेब करून बघा.

- पहिल्या वर्षी हेक्टरी १,२५,००० रुपये.
- ३ टक्के सरळ वाढीने पंचविसाव्या वर्षी २,१५,००० रुपये.
- हीच ३ टक्के वाढ चक्रवाढ असती तर सुमारे २,५४,००० रुपये.
- महागाई दरवर्षी ५ टक्के धरली तर आजच्या १,२५,००० ची किंमत टिकवायला पंचविसाव्या वर्षी सुमारे ४,०३,००० रुपये लागतील.

याचा अर्थ करार करू नये असा नाही. पण पंचवीस वर्षांनंतर हातात येणारी रक्कम आकड्याने मोठी दिसली तरी तिच्यात आजच्या भाड्याच्या निम्म्याच वस्तू येतील, हे आज माहीत असावं. शासनाच्या योजनेतला दर ठरलेला आहे. खासगी पार्कवाल्याशी बोलताना मात्र वाढीचा टक्का, ती सरळ की चक्रवाढ, आणि दर पाच वर्षांनी फेरविचार, यावर घासाघीस करायला जागा असते.

सही करण्याआधी विचारायचे प्रश्न

१. सही नेमकी कोणत्या कंपनीची? जाहिरात मोठ्या कंपनीची असते, करार मात्र फक्त त्या प्रकल्पासाठी काढलेल्या छोट्या कंपनीशी होतो. दाभोळ पॉवर कंपनीही अशीच होती. छोटी कंपनी बुडाली तर मोठी आपोआप जबाबदार होत नाही. म्हणून मूळ कंपनीची लेखी हमी किंवा निदान एक-दोन वर्षांच्या भाड्याची अनामत मागा.

२. भाडं कधीपासून? सही झाल्यापासून की प्रकल्प सुरू झाल्यापासून? दोन-तीन वर्षे जमीन अडकवून ठेवायची आणि भाडं नाही, असं होऊ देऊ नका. ठराविक मुदतीत काम सुरू झालं नाही तर करार रद्द, ही अट हवी.

३. महावितरणने कंपनीचं बिल थकवलं तर? भाडं कंपनीच्या वसुलीवर अवलंबून ठेवू नका. वसुलीची जोखीम कंपनीची आहे, ती तुमच्याकडे सरकवता कामा नये.

४. बँकेकडे तारण काय जाणार? कंपनीला कर्जासाठी भाडेपट्ट्याचा हक्क तारण ठेवावा लागतो, ते चालतं. जमिनीची मालकी तारण ठेवण्याची मुभा मात्र कुठल्याही वाक्यात नको.

५. कंपनी विकली गेली तर? नव्या मालकाला सगळ्या अटी लागू, आणि तुम्हाला लेखी कळवणं बंधनकारक, असं लिहून घ्या.

६. बाहेर कोण पडू शकतं? बऱ्याच मसुद्यांत कंपनीला नोटीस देऊन मध्येच सोडता येतं, शेतकऱ्याला नाही. कंपनीने सोडलं तर किती महिन्यांचं भाडं मिळेल ते ठरवा. भाडं सलग थकलं तर जमीन परत घेण्याचा हक्क तुम्हालाही हवा.

७. शेवटी पॅनेल कोण उचलणार? सौर पॅनेल आता ई-कचरा नियम २०२२ मध्ये येतात. तरी शेतातले सिमेंटचे पाये, लोखंड, केबल काढून जमीन पूर्ववत करून देण्याची जबाबदारी करारात हवी आणि त्यासाठी काही रक्कम वेगळी ठेवलेली हवी. पंचवीस वर्षांनी ही कंपनी असेलच असं नाही.

८. वाद झाला तर कुठे जायचं? दाभोळचा वाद लंडनला गेला. तुमचा मुंबई किंवा दिल्लीच्या लवादाकडे जाणार असेल तर लढण्याआधीच तुम्ही दमाल. जिल्ह्याचं ठिकाण लिहून घ्या.

कागदपत्रांचं काय?

एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवावा लागतो. नोटरी केलेला कागद पुरत नाही. भाडेपट्ट्याची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कात होते, ती बरोबर झाली का ते स्वतः बघा. सातबाऱ्यावर भाऊ-बहिणींची नावं असतील तर सगळ्यांची संमती लागेल. सोसायटी किंवा बँकेचा बोजा असेल तर आधी त्यांच्याशी बोला. जमीन भोगवटादार वर्ग दोनची असेल तर सक्षम अधिकाऱ्याची परवानगी आहे का ते तहसील कार्यालयात विचारा. शेतीच्या उत्पन्नाला आयकर नसतो, पण सोलरच्या भाड्याला ती सवलत मिळेल असं धरून चालू नका. करार इंग्रजीत असेल तर मराठी प्रत मागा आणि वकिलाला दाखवा. वकिलाची फी पहिल्या वर्षाच्या भाड्याच्या मानाने किरकोळ असते.

ग्रामपंचायतीने काय करावं?

प्रकल्प येणार असेल तर विषय ग्रामसभेत घ्या. जड वाहनांनी रस्ते खराब होतील ते कोण दुरुस्त करणार, पावसाचं पाणी कुठे वळवणार, शेजाऱ्यांच्या शेतात जायची वाट राहणार का, गुरं चरायला जातात ती जागा कुंपणात जाते का, पॅनेल धुवायला पाणी कुठून आणणार, तारा कुणाच्या शेतातून जाणार, हे प्रश्न काम सुरू होण्याआधी विचारले की सुटतात. कुंपण पडल्यावर विचारले की भांडण होतं. कंपनीलाही यात फायदाच आहे. गावाशी बोलायला जाणारे दोन महिने, काम बंद पडून जाणाऱ्या दोन वर्षांपेक्षा स्वस्त पडतात.

शेजारपाजारच्या शेतकऱ्यांनी एकत्र बसून एकच मसुदा मागितला तर अटी सुधारण्याची शक्यता वाढते. कंपनीला सलग जमीन हवी असते. एकेकट्याला बाजूला काढून सही घेतली की प्रत्येकाच्या अटी वेगळ्या होतात आणि सर्वांत आधी सही करणाऱ्याला बहुतेक वेळा सर्वांत कमी मिळतं. त्यामुळे मसुदा घरी न्या, आठ दिवस घ्या, आणि वरचे आठ प्रश्न एकेक करून त्यावर टिकमार्क करा. ज्या प्रश्नाचं उत्तर तोंडी मिळालं आणि कागदावर नाही, तिथली जोखीम तुमच्याकडे आली असं समजा.